बापूअण्णांच्या लेकींचा उपास

शहापुरात आमच्या आळीत एक गृहस्थ डासांना जेवायला घालत असत. दिवेलागणीला ते ओट्यावर येऊन बसत, डावी बाही दंडापर्यंत सारत, आणि कंदिलाच्या काचेच्या तोंडावर बांधलेल्या मलमलीवर हात आडवा ठेवत. काच पाण्याच्या बशीत उभी असे. आत दहा-बारा डास. ते मलमलीतून सोंडा वर काढून जेवत, आणि हे गृहस्थ डोळे मिटून असे बसत की जणू कुणी पाय चेपून देतंय.

मधूनच म्हणत, "सावकाश, पोरींनो. कुणी उठवत न्हाय तुमास्नी."

त्यांचं नाव बापूअण्णा. तरुणपणी ते हिवतापाच्या खात्यात होते. एका साहेबाच्या मागे काचेच्या नळ्या घेऊन जांबोटीच्या रानात फिरायचे, गोठ्यातले डास धरायचे, ते कापून बघताना साहेबाला दिवा धरायचे. पुढे साहेब विलायतेला गेला, खात्यातलं ते काम उठलं, अण्णांना पेन्शन झाली. पण काम उठलंय हे अण्णांना कुणी नीट समजावून सांगितलं नसावं. आमच्या आळीच्या टोकाच्या एका खोलीत ते एकटेच राहत आणि साहेब उद्या तपासणीला येणार असल्यासारखे डास बाळगत.

आमची आळी विणकरांची. माग खड्ड्यातले. माणूस खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि पावसाळ्यात त्या ओल्या खड्ड्यात डास त्याच्या पोटऱ्यांवर बसतात. दोन्ही हात धोटा इकडून तिकडे फेकण्यात गुंतलेले, मारायचं कसं? त्यामुळे आमच्याकडचे पुरुष विणताना सारखे पाय झाडत, आणि डासांना रोज शिव्या पडत. अशा आळीत डासांना 'लेकी' म्हणणारा माणूस राहायला आला.

"लेकीच का? लेक न्हाई त्यात एक बी?" आमच्या घरच्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एकदा त्यांना विचारलं. मी आत मागासाठी सुताच्या कांड्या भरत होते. दारामागून सगळं ऐकू येई.

"लेक चावत न्हाईत," अण्णा म्हणाले. "बाप्या डास गरीब. फुलातला रस पितो आन गप बसतो. चावती ती बाई."

घरच्यांना भलताच आनंद झाला. "ऐकलं काय गं आत?" म्हणून त्यांनी मोठ्यांदा विचारलं. "शास्त्रातच हाय म्हनं!"

"पुरतं ऐका की," अण्णा म्हणाले. "सोतासाठी तिला बी रसच पुरतो. रगत लागतं ते अंड्यास्नी. पोरं व्हायची असल्याबिगर ती तुमच्या वाटंला जायची न्हाय. तुमी काय गोड लागता म्हणून येती व्हय?"

घरचे परत खड्ड्यात जाऊन बसले. मी आत पदर तोंडात धरून हसले. अण्णांबद्दल माझं मत त्या दिवशी चांगलं झालं.

"बघितल्याबिगर बोलू नये," हे त्यांचं नेहमीचं बोलणं. कुणी म्हणालं, आज पाऊस येणार, की अण्णा म्हणत, बघितल्याबिगर बोलू नये. डासांच्या बाबतीत मात्र त्यांनी सगळंच बघून ठेवलं होतं. एका डबड्यात दाटीवाटीनं वाढलेल्या अळ्यांच्या माद्या खुरट्या निघतात आणि अंडी थोडी घालतात. ऐसपैस वाढलेल्या धष्टपुष्ट होतात आणि भरपूर घालतात. थंडी पडली की बाळंतपणं लांबतात. पोटभर रक्त मिळालं तर अंड्यांचा तराफा पाण्यावर चांगला लांबट दिसतो, अर्धपोटी राहिली तर काजळीच्या ठिपक्याएवढा. हे सगळं ते आळीतल्या बायकांना सांगत, तेही इतक्या मायेनं की ऐकणाऱ्या बाईला वाटावं, यांची कुणी सख्खी भाची माहेराला आली आहे.

माणसाचं रक्त चांगलं की कोंबडीचं, हा प्रश्न त्यांना एकदा पडला. त्यासाठी त्यांनी समोरच्या तानाक्काची तांबडी कोंबडी 'जरा दुपारपुरती' मागून नेली. कोंबडी परत आली तेव्हा तिच्या छातीवर पिसं नव्हती.

तानाक्का म्हणजे आळीतला सगळ्यात मोठा आवाज. ती साध्या रागात मराठी बोले आणि खऱ्या रागात कानडीत जाई. त्या दिवशी ती थेट कानडीतूनच सुरू झाली. अण्णा हात जोडून उभे राहिले आणि तिचा दम संपल्यावर म्हणाले, "तानाक्का, तुमची कोंबडी लई गुणाची. माझ्या रगतापेक्षा तिच्या रगतावर अंडी सरस झाली."

रागवावं की मिरवावं, हे तानाक्काला कळेना. दुसऱ्या दिवशी मात्र ती विहिरीवर सगळ्यांना सांगत होती, "माझ्या कोंबडीचं रगत अण्णापेक्षा भारी निघालं म्हनं."

या तानाक्काची सून सुंदरा. जांबोटीकडच्या रानातली पोर, अंगानं किडकिडीत आणि शांत. लग्नाला बरीच वर्षं झाली, पण मूल नव्हतं. तानाक्कानं तिला उपासाला लावलं होतं. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, शुक्रवार देवीचा, शिवाय एकादशी, चतुर्थी आणि तानाक्काला स्वप्न पडेल तो वार. उपास कडक. दिवसभर पाणी, रात्री चार घास. जे वार मोकळे राहत त्या दिवशी सगळे जेवून उठल्यावर भांड्याला लागलेलं ती खाई. आमच्याकडे सुनेचं पान शेवटीच असे, त्यात कुणाला काही वावगं दिसत नसे. मलाही दिसत नव्हतं.

दसऱ्याच्या सुमाराला बातमी फुटली. तानाक्कानं येळ्ळूरची एक मुलगी बघून ठेवली होती. दिवाळी झाली की परशाचं, म्हणजे तिच्या मुलाचं, दुसरं लग्न. सुंदराला जांबोटीला पोचवायचं. परशा आईपुढे तोंड उघडत नसे. तो खड्ड्यात बसून नुसता माग खडखडवी. सुंदरा मात्र उपास जास्तच निष्ठेनं धरायला लागली.

एका संध्याकाळी अण्णा हात काचेवर ठेवूनच तानाक्काला म्हणाले, "तानाक्का, तुमचा उपासच पोर होऊ देत न्हाई."

"काय म्हनालासा?"

"पोटात काय न्हाई तर अंडं कशाचं व्हायचं? माझ्या पोरी बघा. यांना नुसत्या गुळाच्या पाण्यावर ठिवलं तर जगतील. पन अंडं एक घालायच्या न्हाईत."

"डासाची आन माझ्या सुनंची बरोबरी करता व्हय?" तानाक्काचा आवाज चढला. "आन गुळाचं पानी कशाला? माझ्या सुनंला ते बी न्हाय मी देत. असा कडक उपास धरती ती!"

हे तिनं अभिमानानं सांगितलं. अण्णांनी डोळे उघडून तिच्याकडे क्षणभर बघितलं.

"बघितल्याबिगर बोलू नये," ते म्हणाले. "पैज लावा."

पैज ठरली. दोन काचा. एकीतल्या माद्या अण्णांच्या हातावर जेवणार. दुसरीतल्या उपास करणार, मलमलीवर गुळाच्या पाण्याचा बोळा, बाकी काही नाही. उपासवाल्या काचेत अंडी झाली नाहीत तर तानाक्कानं सुनेचे उपास सोडायचे, तिला रोज पहिल्या पंगतीला वाढायचं आणि येळ्ळूरला नाही म्हणून सांगायचं. झाली, तर अण्णांनी यात पुन्हा तोंड घालायचं नाही आणि सुंदराच्या व्रताचं उद्यापन होईपर्यंत फराळाचं सामान स्वतः आणून द्यायचं. ही शेवटची अट अण्णांनीच घातली. हरायचं नाहीच, म्हटल्यावर माणूस कसलीही अट घालतो.

फसवाफसवी नको म्हणून दोन्ही काचा आळीच्या मधल्या ओट्यावर, लाकडी खोक्यात, वर ओलं फडकं टाकून ठेवल्या. आळीतल्या माणसांची विणकामं मंदावली. येणारा-जाणारा फडकं उचलून बघे. बायका एकमेकींना विचारत, "आज उपासवाल्या कशा हाईत?" एकीनं तर शुक्रवारी खोक्यापुढे फूल ठेवलं. तानाक्का दिवसभर दारात बसून राखण करी, अण्णा त्यांच्या दारात बसून तानाक्काची राखण करत.

याच दिवसांत एकदा मी सकाळी विहिरीवर गेले. सुंदरा पाणी शेंदत होती. दोर ओढताना तिचा पदर हातावरून सरकला, आणि मला तिच्या हातावर लाल पुरळ दिसलं. पुरळ एकदम गोल होतं. बांगड्यांच्या वर, कंदिलाच्या काचेच्या तोंडाएवढं. अण्णांच्या हातावर रोज तसंच असे.

मी बघतेय हे तिला कळलं. तिनं पदर ओढला.

"उपाशी हुत्या वं त्या," ती हळूच म्हणाली. "सडा घालाय उठती तवा बघती. काचंवर डोसकी आपटत हुत्या. मला बघवंना."

"अगं, पण पैज..." मी म्हणाले.

"मला पैजंचं काय ठावं न्हाई, आक्का. उपाशी म्हंजे काय, ते ठावं हाय."

मी घागर भरून घरी आले. कुणाला सांगितलं नाही. सांगायला धीर पाहिजे, आणि तो माझ्याकडे कधीच फार नव्हता.

पुढे दोन-तीन दिवसांनी आळीत आरडाओरडा झाला. उपासवाल्या काचेच्या बशीत, पाण्यावर, काळा लांबट तराफा तरंगत होता. चांगला मोठा. जेवणाऱ्यांच्या बशीतल्यापेक्षा मोठा.

तानाक्का ओट्यावर चढलीच. "बघा गं बायांनो! उपासवालीलाच जास्ती! द्येव हाय का न्हाई?"

अण्णांचा चेहरा पडला, मग लाल झाला. "हे व्हायचं न्हाई! रगताबिगर अंडं न्हाई. साहेबानं सोता दाखवलंय मला. कुनीतरी फसवलंय. कुनी हात लावला काचंला? सांगा! एकेकाचं हात बघतो मी आता!"

"बघा की," तानाक्का म्हणाली. "आदी तोंड गोड करा. सुंदरे, साखर आन गं!"

सुंदरा साखरेची वाटी घेऊन आली. एकेकापुढे वाटी धरत ती अण्णांपर्यंत पोचली. वाटी पुढे धरताना तिचा पदर हातावरून सरकला. अण्णांनी तावातावानं चिमूट भरायला हात घातला, आणि वाटीखालचा तिचा हात त्यांना दिसला. तो गोल त्यांच्याइतका आळीत कुणाला ओळखू येणार?

त्यांची चिमूट वाटीतच राहिली. आता ते ओरडणार, या भीतीनं मी दाराची कडी धरली. सुंदरानं चोरून अण्णांच्या काचेला हात लावला, डासांना रक्त पाजलं, व्रत बाटवलं, एवढं तानाक्काला कळलं असतं तर दिवाळीपर्यंतसुद्धा ती थांबली नसती. त्या संध्याकाळीच गाडी जुंपली असती.

अण्णांनी साखर तोंडात टाकली. बराच वेळ चघळली.

"हरलो, तानाक्का," ते म्हणाले. "तुमचा उपास खरा."

आळीतली पोरं ओरडली. आमच्या घरच्यांनी शिट्टी घातली. साहेबाचं नाव सांगून छाती काढणारा माणूस खाली मान घालून बसला होता. तानाक्कानं त्यांना साखर दुसऱ्यांदा दिली, मुद्दाम.

पण अण्णा गप्प राहणारे नव्हते. साखर संपल्यावर त्यांनी मान वर केली.

"एक मात्र हाय," ते म्हणाले. "माझ्या पोरींच्या उपासात गूळ हुता. सुंदराच्या उपासात कुठं हाय? तुमी जिंकला ते गुळाच्या उपासानं. आता जिंकल्याल्या उपासाला धरून चाललं पायजे का न्हाई?"

तानाक्का विजयाच्या भरात होती. "देते की गूळ! तुमीच आनायचा हाय!"

झालं. दुसऱ्या दिवशी अण्णा गूळ घेऊन तिच्या दारात हजर. हरलेला माणूस सामान घेऊन भर आळीतून चालत येतोय, हे बघायला तानाक्काला फार आवडे. ती मुद्दाम चार बायकांना बोलावून बसवी. मग गुळाबरोबर शेंगदाणे आले, कारण नुसता गूळ उष्ण. मग शेंगदाण्यावर दूध, कारण शेंगदाण्यानं पित्त होतं. मग केळी, रताळी, राजगिऱ्याचे लाडू, वऱ्याच्या तांदळावर तूप. सगळं उपासाचं, सगळं शास्त्रोक्त. आणि उपासाचा फराळ उष्टा होऊन चालत नाही. त्यामुळे घरात कुणी जेवायच्या आधी तो सुंदरापुढे यायला लागला.

पुढची गंमत म्हणजे अण्णा पंचांग घेऊन बसायला लागले. ज्या माणसानं उपासाविरुद्ध पैज लावली तो आता रोज नवा उपास शोधून काढी.

"तानाक्का, बुधवार मोकळा का सोडलासा? आन गुरुवारनं काय केलंय तुमचं?"

थोड्याच दिवसांत सुंदराचे सातही वार उपासाचे झाले. तानाक्का विहिरीवर छाती काढून सांगे, "माझ्या सुनंवानी उपास कुनी धरून दाखवावा!" आणि तिची सून दिवसेंदिवस अंगानं भरत चालली होती. गालांवर तजेला आला. चोळी घट्ट झाली. घरचे मला म्हणाले, "असा उपास मला बी सांग की." मी त्यांना बाजरीची भाकरी वाढली.

दिवाळीनंतर येळ्ळूरहून मुलीचा बाप आला. तानाक्का त्याला म्हणाली, "आदी व्रताचं उद्यापन हुंदे. मोडलं तर माझं जिंकल्यालं जाईल." तो चहा पिऊन परत गेला. त्या मुलीचं लग्न पुढे दुसरीकडे झालं. आणि संक्रांतीला सुंदरानं वाण देताना माझ्या कानात जे सांगितलं, ते ऐकून माझ्या हातातले तीळ सांडले.

देवानं दिलं की शेंगदाण्यानं, मला माहीत नाही. तानाक्कानं सगळं श्रेय उपासाला दिलं. अण्णांनी मान डोलावली आणि दूध वाढवलं.

सुंदरा बाळंतपणाला जांबोटीला गेली. मुलगी झाली. पावसात रस्ते बंद असतात, म्हणून ती चांगली पाऊस सरल्यावर बैलगाडीनं परत आली. उन्हं उतरली होती. आळीतल्या सगळ्या बायका जमल्या. कुणावर गेली, रंग कसा, नाक कुणाचं, अशी एकच गडबड. तानाक्का तिच्या उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या आणि ओवाळून टाकायला भाकरतुकडा घेऊन उभी होती. मुलगी झाली म्हणून ती थोडी खट्टू होती, पण दाखवत नव्हती.

सुंदरा गाडीतून उतरली. घराकडे जायच्या आधी ती अण्णांच्या ओट्याकडे वळली, आणि काही न बोलता तिनं पोर त्यांच्या मांडीवर ठेवली.

अण्णांचे हात जागच्या जागी थिजले. बाळ कसं धरायचं, हे त्यांना माहीतच नव्हतं. मान धरावी की पाय, ते कळेना. त्यांनी पोरीकडे नीट बघितलंही नाही. सुंदराकडे बघून विचारलं, "जेवलीस काय गं?"

इतक्या बायकांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"पहाटंपासनं गाडीतच हाय, अण्णा," ती म्हणाली.

"तानाक्का, तुकडा मागनं ओवाळा," अण्णा म्हणाले. "आदी तिला खाऊ दे." आणि मग माझ्याकडे वळून, "घरात ताट झाकून ठिवलंय, तेवडं आना, वैनी."

त्यांच्या खोलीत मी पहिल्यांदाच गेले. चूल थंड होती. दुरडी रिकामी. ताट कोपऱ्यात होतं, त्यावर दुसरं ताट झाकलेलं. मी ते आणून सुंदरापुढे ठेवलं आणि तिनं वरचं ताट काढलं. आत ज्वारीची एक भाकरी होती, सकाळची, कडा वाळलेल्या. शेजारी मीठ आणि एक मिरची.

बायका पुढे वाकून ताटात बघायला लागल्या.

"एवडंच?" तानाक्काच्या तोंडून गेलं.

"आज भूक जरा कमी हुती," अण्णा म्हणाले. त्यांचं लक्ष पोरीच्या मुठीकडे होतं. तिनं त्यांचं बोट धरलं होतं, आणि ते सोडवून कसं घ्यायचं, हा त्यांना प्रश्न पडला होता.

सुंदरानं भाकरी मोडली. अर्धी स्वतः घेतली, अर्धी ताटात त्यांच्यापुढे सरकवली. तानाक्का हातातला भाकरतुकडा तसाच धरून उंबऱ्यावर उभी राहिली. महिनोन्महिने त्या दारात आलेला गूळ, दूध, तूप आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं; त्याची उधारी अण्णांच्या ताटातून फिटतेय, हे मात्र कुणी बघितलं नव्हतं.

मी घरात गेले आणि चुलीवर तवा ठेवला.